मावळांतील बिनतारी इंटरनेट आणि लहान पुरवठादार

ता. २३ जुलै १९२७ ह्या एकाच दिवशीं आपल्या मुलुखांत बिनतारी विद्येच्या दोन गोष्टी घडल्या. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचें उद्‌घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें, आणि खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारें हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. खडकीहून संदेश सुटत आणि दौंडास ते उतरत. पहिल्या गोष्टीचें स्मरण नभोवाणीवर बोलणारे लोक नेहमीं करतात. दुसरीचें स्मरण आपल्या पुणें जिल्ह्यांतही फारसें कोणी करीत नाहीं. मला आज ह्या दोहोंची आठवण होते ती त्यांच्या आरंभामुळें नव्हे, तर त्यांचें पुढें जें झालें त्यामुळें. नभोवाणी कंपनीस पुरतीं तीन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, मार्च १९३० मध्यें, तिचें दिवाळें निघालें. खडकी-दौंडची सेवा समुद्रांतील तारांपेक्षां स्वस्त पडूं लागली आणि तारांच्या बलाढ्य कंपनीचें गिऱ्हाईक ओढूं लागली. तेव्हां १९३२ मध्यें तार व बिनतार यांची मिळून एकच कंपनी करण्यांत आली, आणि चढाओढीचा प्रश्नच उरला नाहीं. हीच संस्था १९४७ मध्यें सरकारनें ताब्यांत घेतली, १९८६ मध्यें ती विदेश संचार निगम ह्या नांवानें उभी राहिली, आणि तिनेंच १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ह्या देशांतील सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें.

बिनतारी धंद्यांत लहान आणि मोठा यांचें नातें कसें असतें ह्याचें हें जुनें उदाहरण झालें. आज मला बोलावयाचें आहे तें मावळ व लोणावळें ह्या भागांत बिनतारी इंटरनेट पुरविणाऱ्या लहान धंदेवाल्यांविषयीं. मी कांहीं इंजिनियर नव्हे. उभा जन्म हातांत खडू धरलेला शिक्षक आहें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी ह्याच धंद्यांत आहे, आणि त्याच्या गच्चीवर उभें राहून जें समजलें, त्यांत वाचनाची भर घालून, तें श्रोत्यांपुढें मांडतों.

आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं इंटरनेट येतें तें फायबरमधून, म्हणजे केंसाएवढ्या बारीक कांचेच्या तंतूंतून. प्रकाशाच्या रूपानें ती माहिती धांवते, आणि तंतु एकदां टाकला म्हणजे त्याची क्षमता सहसा संपत नाहीं. अडचण असते ती टाकण्याचीच. खांब हवेत किंवा चर खणावयास हवेत, रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगी हवी, आणि रस्ता पुढील वर्षीं रुंद झाला कीं सगळें काम पुन्हां करणें आलें. शहरांत एका इमारतींत चाळीस घरें असतात, म्हणून हा खर्च वाटला जातो. नाणे मावळांतील एखाद्या वाडींत बारा घरें असतील, आणि तीं दीड कोस पसरलेलीं. तेथें घरटी तंतूचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या कागदावर जमत नाहीं.

मावळाची गंमत अशी कीं, तालुक्याच्या मधून माहितीच्या नद्या वाहतात. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ पासून आहे, जुना हमरस्ता आहे, २००२ मध्यें पुरा झालेला द्रुतगति मार्ग आहे. मुंबई व पुणें यांमधील मोठमोठे फायबर ह्याच पट्ट्यानें जातात. परंतु मोठ्या धरणाचें पाणी जसें कालव्याच्या कांठच्या शेताला न मिळतां दूर निघून जातें, तशीच येथें गत असते. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हीं तिन्ही खोरीं ह्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांस डोंगरांच्या आड पसरलेलीं आहेत. हमरस्त्यावरील प्रवाह डोंगरापलीकडे नेण्याचें काम जो करतो, तोच आपला बिनतारी पुरवठादार.

त्याची युक्ति सोपी आहे. कामशेत, वडगांव किंवा लोणावळें अशा रस्त्यावरील गांवीं तो मोठ्या कंपनीकडून फायबरची जोडणी घाऊक भावानें घेतो. तेथील एखाद्या उंच इमारतीवर ताटाएवढी तबकडी बसवितो, आणि तिचें तोंड समोरच्या टेकडीवरील दुसऱ्या तबकडीकडे करतो. टेकडीवरून खोऱ्यांतील घरांकडे तिसरी लहर जाते. प्रत्येक घरावर वीतभर रुंदीचा एक डबा असतो, तो ती लहर टिपतो, आणि तेथून तार घरांतील वाय-फायच्या पेटीकडे जाते. टेकडीवर वीज नसेल तर सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, पण प्रकाशावर चालणारीं पत्रें आणि बॅटऱ्या ठेवाव्या लागतात.

आतां ही लहर फार हट्टी असते. बहुतेक ठिकाणीं ती ५ गिगाहर्ट्झच्या आसपासची असून तिच्या एका लाटेची लांबी सुमारें ५ सेंटिमीटर भरते. नभोवाणीच्या शेंकडों मीटर लांबीच्या लाटा डोंगराला वळसा घालून जातात; ह्या लहान लाटेला तें साधत नाहीं. दोन्ही तबकड्यांनीं एकमेकींस पाहिलें पाहिजे. नुसतें पाहून भागत नाहीं. दोहोंमधील सरळ रेषेभोंवतीं सूत काढण्याच्या चातीसारखी, मध्यें फुगीर आणि टोंकांना निमुळती, अशी एक पोकळी मोकळी असावी लागते. दहा किलोमीटरांच्या अंतरावर ह्या पोकळीची मध्यभागीं त्रिज्या सुमारें ११ मीटर होते. म्हणजे डोळ्याला समोरची टेकडी स्वच्छ दिसत असूनही मधल्या आंब्याचा शेंडा त्या पोकळींत शिरला तर वेग निम्म्यावर येतो, आणि ग्राहक म्हणतो कीं परवांपर्यंत सर्व ठीक होतें. खरोखरच होतें, दोन पावसाळ्यांत झाड वाढलें एवढेंच.

पावसाविषयीं एक गैरसमज आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, म्हणून तेथें बिनतारी इंटरनेट चालणेंच अशक्य, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पावसाच्या थेंबांचा उपद्रव नगण्य असतो. १० गिगाहर्ट्झच्या वर गेलें म्हणजे तो जाणवूं लागतो, आणि २६ किंवा ६० गिगाहर्ट्झवर तो भारीच होतो. मावळांतील पाऊस सेवा बंद पाडतो तो इतर वाटांनीं. भिजलेलीं पानें लहर शोषून घेतात. जोडाच्या फटींतून पाणी शिरतें. वीज पडते. घाटमाथ्यावरील धुक्यांत सूर्यप्रकाश दिवसचे दिवस मिळत नाहीं, आणि बॅटऱ्या रित्या होतात. महावितरणची वीज जाते आणि टेकडीची वाट निसरडी झालेली असते. माझा विद्यार्थी मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक जोडाला हातानें चिकटपट्टी गुंडाळीत हिंडतो. शेतकऱ्यानें बांध घालावेत तसें तें काम आहे. जुलै महिन्यांत टेकडीवर चढणारा मनुष्य मिळणें ही ह्या धंद्यांतील पहिली अडचण, आणि तिचा कोठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत उल्लेख नाहीं.

दुसरी अडचण लहरींच्या मालकीची. आकाश कोणाचेंही नसतें असें कवि म्हणतात. सरकार तसें म्हणत नाहीं. लहरींचे कांहीं पट्टे लिलावानें विकले जातात, व ते विकत घेणाऱ्याशिवाय इतरांस वर्ज्य असतात. कांहीं पट्टे सर्वांस मोकळे ठेवलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतांत २००५ मध्यें असा मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीं ऑक्टोबर २०१८ मध्यें मोकळा झाला. लहान पुरवठादार उभे राहूं शकतात ते ह्या मोकळ्या पट्ट्यांच्या जोरावर. पण मोकळें मैदान सर्वांनाच मोकळें असतें. शेजारच्याची तबकडी, हॉटेलांतील वाय-फाय, बंगल्यांतील कॅमेरे, सर्वांचा गलबला तेथेंच. कोणी आपली लहर दाबून टाकली तर दाद मागण्याची सोय नाहीं, कारण मोकळ्या पट्ट्यांत संरक्षणाचा हक्कच कोणास नसतो. आणि ह्या मैदानांत आतां मोठेही उतरले आहेत. जिओ कंपनीनें लिलावांत घेतलेल्या लहरींशिवाय ह्या मोकळ्या पट्ट्यांतूनही घरोघर जोडण्या दिल्या असून, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२५ मधील अहवालांत त्यांची वेगळी नोंद होऊं लागली. गायरानावर गांवचीं चार गुरें चरत असतां मोठ्या गोठ्यांतील शंभर म्हशी त्यांत सोडल्या तर कायदा मोडत नाहीं. पण गवताचें काय होतें तें सांगावयास नको.

लिलावाच्या पट्ट्यांत लहानांचें काय होतें ह्याचीं दोन उदाहरणें बोलकीं आहेत. तिकोना डिजिटल नेटवर्क्स ही २००८ मध्यें स्थापन झालेली कंपनी. पवन मावळांतील तिकोना किल्ला ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें नांव परकें वाटणार नाहीं. इमारतींच्या गच्च्यांवर बिनतारी यंत्रें बसवून शहरांत इंटरनेट देणें हा तिचा मूळ व्यवसाय. २०१० च्या लिलावांत तिनें गुजरात, राजस्थान, हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेशचे दोन्ही भाग अशा पांच मंडळांसाठीं लहरी विकत घेतल्या. त्या लहरींवर देशभर चालेल असा धंदा उभारण्याइतकें भांडवल मात्र जमलें नाहीं, आणि मार्च २०१७ मध्यें हा व्यवसाय सुमारें १,६०० कोटी रुपयांस एअरटेलला विकण्याचा करार झाला. त्याच २०१० च्या लिलावांत इन्फोटेल ब्रॉडबँड नांवाची, लोकांस फारशी ठाऊक नसलेली कंपनी सर्वच्या सर्व २२ मंडळांत जिंकली. बोली १२,८४७ कोटींच्या वर होती. लिलावाचा निकाल लागला त्याच दिवशीं रिलायन्सनें तिचा ९५ टक्के हिस्सा घेतल्याचें जाहीर केलें. आजच्या जिओचें मूळ तें. एका लहान नांवाच्या दारांतून सर्वांत मोठा पाहुणा घरांत आला, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां पैशांकडे वळूं. खाजगी मंडळींस इंटरनेटचा धंदा १९९८ पासून खुला झाला. २०१३ च्या एकीकृत परवान्यांत त्याच्या तीन पायऱ्या होत्या: सबंध देशाचा ‘अ’ वर्ग, राज्याएवढ्या मंडळाचा ‘ब’ वर्ग, आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा ‘क’ वर्ग. प्रवेशशुल्क अनुक्रमें ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये. ही योजना लहानांस अनुकूल होती हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच परवान्याप्रमाणें वार्षिक शुल्क समायोजित उत्पन्नाच्या ८ टक्के, म्हणजे नफा झाला असो वा नसो, उत्पन्नावर. त्या आठांतील पांच टक्के खेड्यापाड्यांत दूरसंचार नेण्यासाठीं ठेवलेल्या निधीचे. टेकडी चढून खेड्यांत इंटरनेट नेणाऱ्यानेंच खेड्यांच्या निधीला वर्गणी द्यावयाची, हा विनोद मला तरी पचत नाहीं. शिवाय ग्राहकावर १८ टक्के वस्तु-सेवा कर, आणि कोणी केव्हां काय जोडणी वापरली ह्याच्या नोंदी दोन वर्षें जपून ठेवण्याची सक्ति. मोठ्या कंपनींत ह्यासाठीं स्वतंत्र खातें असतें. येथें तोच मनुष्य सकाळीं शिडी धरतो आणि रात्रीं वह्या लिहितो.

एक हिशेब मांडून पाहूं. आंकडे माझे कल्पित आहेत, वर्गांत फळ्यावर घालतों तसे. पण त्यांचा मेळ खोटा नाहीं. समजा एका खोऱ्यांत ६० घरें असून कर वगळून दरमहा ५०० रुपये येतात. एकूण ३०,००० झाले. परवाना शुल्क २,४००, घाऊक जोडणीचे १२,०००, जागेचें भाडें व वीज ४,०००, आणि एका मदतनीसाचा पगार १०,०००. खर्च २८,४००, हातीं उरले १,६००. आतां हमरस्त्यालगतचीं, सर्वांत सोयीचीं १५ घरें मोठ्या कंपनीकडे गेलीं. उत्पन्न २२,५०० झालें. शुल्क १,८०० वर उतरलें, बाकीचे २६,००० जसेच्या तसे. म्हणजे दरमहा ५,३०० ची खोट. पाव ग्राहक गेले आणि धंदा पावानें लहान झाला असें होत नाहीं, तो बसतो. आणि तो बसला म्हणजे, ज्यांच्याकडे मोठी कंपनी पोंचलेलीच नाहीं अशा उरलेल्या ४५ घरांचें इंटरनेटही त्याच्याबरोबर जातें. स्पर्धेनें ग्राहकाचें भलें होतें हें तत्त्व मी वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. डोंगराळ खोऱ्यांत त्याला ही दुसरी बाजू आहे.

ह्यांतील १२,००० ची रक्कम कोणाकडे जाते तेंही पाहिलें पाहिजे. घाऊक जोडणी विकणारे बहुधा तेच मोठे दूरसंचारवाले, जे किरकोळीनें ग्राहकही ओढतात. गिरणीवाल्यानेंच पिठाचें दुकानही काढावें आणि शेजारच्या दुकानदारास दळून देण्याचा भाव स्वतःच ठरवावा, असा हा प्रकार. घाऊक भाव आणि किरकोळ भाव यांमधील फट जितकी अरुंद, तितका लहान पुरवठादाराचा श्वास कोंडतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी कीं, चलच्चित्रें पुरविणाऱ्या जागतिक कंपन्या आपल्या लोकप्रिय मालाचे सांठे मोठ्या पुरवठादारांच्या केंद्रांतच ठेवतात. त्यामुळें पुण्याच्या ग्राहकाला चित्रपट घरच्या कोठारांतून मिळतो, तर लहानाला तोच चित्रपट दर वेळीं घाऊक नळांतून विकत घेऊन द्यावा लागतो.

मोठ्यांची चाल गेल्या दहा वर्षांत तीन टप्प्यांनीं झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओनें मोबाइलवरील सेवा सुरू केली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती जवळ जवळ फुकट दिली. हें तोट्यांत विकून इतरांस घालविणें आहे, अशी तक्रार झाली ती एअरटेलसारख्या मोठ्यानें केलेली. स्पर्धा आयोगानें जून २०१७ मध्यें ती फेटाळली, कारण नव्यानें बाजारांत आलेला मनुष्य बाजाराचा धनी म्हणतां येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हा निर्णय बरोबरही असेल. कामशेतच्या दुकानांतल्या पुरवठादाराला मात्र आयोगापर्यंत जाण्याचें भाडेंही परवडलें नसतें. पुढें २०१९ मध्यें घरगुती फायबर आला. आणि १९ सप्टेंबर २०२३ रोजीं आठ शहरांत ‘एअरफायबर’ सुरू झाला, त्यांत पुणें होतें. हा तिसरा टप्पा निराळा आहे. फायबर टाकावयाचा नाहीं, टॉवरवरून लहर घ्यावयाची, घरावर डबा बसवावयाचा. म्हणजे लहान पुरवठादाराचीच युक्ति, पण विकत घेतलेल्या, निर्वेध लहरींवर. आरंभींचा भाव ५९९ रुपये, त्यांत साडेपांचशेंच्या वर वाहिन्या आणि चित्रपटांचीं दुकानें अंतर्भूत. केवळ इंटरनेट विकणारा मनुष्य ह्या शिधासामग्रीपुढें कोठें उभा राहणार?

असें असूनही तो उभा आहे, तो कांहीं विशिष्ट कारणांमुळें. लोणावळें-खंडाळ्यास बंगल्यांचा मामला निराळा आहे. सोमवार ते गुरुवार निम्मे बंगले बंद. शुक्रवारीं संध्याकाळीं पुण्यामुंबईच्या मोटारी येतात आणि सर्वजण एकदमच जोडणी मागतात. टॉवरची क्षमता वांटली जाते, आणि वेग ऐन वेळीं खालीं येतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर कांहीं कुटुंबें बंगल्यांतूनच कचेरीचें काम करूं लागलीं. त्यांना चित्रपटांहून अखंड सेवा महत्त्वाची. येथें शेजारच्या आळींत राहणारा पुरवठादार उपयोगी पडतो. त्याला फोन केला तर तो तासाभरांत शिडी घेऊन येतो. मोठ्या कंपनीच्या तक्रारक्रमांकावर प्रथम दहा आंकडे दाबावे लागतात.

ह्याचा अर्थ लहान तो सर्वस्वी निर्दोष असा मुळींच नव्हे. पावती न देणें, ५० मेगाबिटचा शब्द देऊन संध्याकाळीं पांचही न देणें, एकाच नळावर वाजवीपेक्षां फाजील घरें बसविणें, हे दोष ह्या धंद्यांत आहेत. एक नळ वीस घरांनीं वांटून घेणें गैर नाहीं, कारण वीसही जण एका क्षणीं तोटी सोडीत नाहींत. साठांनीं वांटून घेतला तर मात्र ती फसवणूक. असल्या लोकांमुळें प्रामाणिक मनुष्याचें गिऱ्हाईक जातें, आणि मोठ्यांना जाहिरातीची गरजही राहत नाहीं.

उपायांचे प्रयोग आपल्या महाराष्ट्रांत झालेले आहेत. मुंबईच्या आय.आय.टी. मधील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनीं ‘ग्राममार्ग’ ह्या प्रकल्पांत पालघर जिल्ह्यांतील खामलोलीच्या परिसरांतील सात गांवांत, दूरचित्रवाणीसाठीं राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवर इंटरनेट नेऊन दाखविलें. ह्या लहरी लांब असल्यानें झाडींतून सहज पार होतात. मावळच्या रानाला त्या फार सोयीच्या होतील. २०१७ मध्यें ह्या प्रकल्पास मोझिला संस्थेचें पारितोषिक मिळालें. परंतु लहरींचा परवाना प्रयोगापुरताच होता, आणि प्रयोगाला दुकान म्हणून उघडतां येत नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तींत चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊं शकतो. त्यालाही घाऊक जोडणी महाग पडत असे. जून २०२५ मध्यें नियामक प्राधिकरणानें असा आदेश काढला कीं, २०० मेगाबिटपर्यंतच्या घरगुती योजना अशा दुकानदारांस किरकोळ भावाच्या दुपटीहून अधिक दरानें विकूं नयेत. घाऊक भावाला हात घालणारा हा आदेश असल्यानें मला तो महत्त्वाचा वाटतो. पण तो दुकानापुरता आहे, टेकडीवर तबकडी बसविणाऱ्या परवानाधारकाला तो लागू नाहीं. खरी गरज आहे ती हमरस्त्यालगतच्या फायबरवर वडगांव-कामशेतला उतरण्याचा भाव जाहीर व समान असण्याची.

आतां आकाशांतूनही स्पर्धा येऊं घातली आहे. जुन्नरजवळ आर्वी येथें १९७१ मध्यें विक्रम भूकेंद्राची प्रचंड तबकडी उभी राहिली, तेव्हां उपग्रहाशीं बोलणें हें राष्ट्राचें काम होतें. स्टारलिंक कंपनीस भारत सरकारनें जून २०२५ मध्यें परवाना दिला. तिची तबकडी गच्चीवर मावते, आणि तिला टेकडीही लागत नाहीं, फायबरही नाहीं. फक्त वर आकाश मोकळें हवें. राजमाचीसारख्या ठिकाणीं ती वरदान ठरेल. आणि यंत्राची किंमत एकट्या घराला झेपणार नाहीं तेथें, एक तबकडी शाळेच्या छपरावर ठेवून खालची वाडी जोडून देणारा कोणी तरी लागेलच. माझ्या विद्यार्थ्यानें त्याची चौकशी सुरू केली आहे. तूर्त मात्र त्याला नाण्याच्या टेकडीवरील दोन बॅटऱ्या पावसाआधीं बदलावयाच्या आहेत, आणि त्या वर वाहून नेण्यासाठीं माणसें मिळतात कीं नाहीं ह्याच विवंचनेंत तो आहे.